पत्रिकाच की, फक्त टीव्हीवर

मोठ्या माणसांच्या मुलाखतींत एक वाक्य हमखास असतं. दहाव्या वर्षी वडिलांनी घरी कॉम्प्युटर आणला, अकराव्या वर्षी मी पहिला प्रोग्रॅम लिहिला आणि मग मागे वळून पाहिलंच नाही. दहाव्या वर्षी मी काय करत होतो ते आठवत नाही. बाविसाव्या वर्षी मात्र मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, रात्री बारा ते आठच्या पाळीला, उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजत होतो. आणि मागे वळून मी सारखाच पाहायचो, कारण मागच्या दारातून चीफ केमिस्टसाहेब कधी येतील याचा नेम नसायचा.

केमिस्ट्री मी निवडली नव्हती. बारावीच्या मार्कांनी मेडिकल आणि इंजिनिअरिंगची दारं लावून घेतल्यावर कॉलेजात ज्या खिडकीपुढची रांग सगळ्यात लहान होती तिथं वडिलांनी मला उभं केलं. कारखानाही मी निवडला नाही. मामा सभासद होते. त्यांचा ऊस तिथं जायचा, म्हणून भाचाही तिथं गेला.

काम तसं सोपं होतं. ठरावीक वेळानं रसाचा नमुना यायचा. हायड्रोमीटर बुडवून ब्रिक्स बघायचा, लेड सबअ‍ॅसिटेट घालून रस गाळायचा आणि पोलॅरिमीटरला डोळा लावून पोल वाचायचा. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती, आणि पोल म्हणजे त्यातली साखर किती. पुढच्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या बोलण्यातला ब्रिक्स मला पहिल्या भेटीत कळू लागला. पोल कळायला मात्र दर वेळी पैसे बुडावे लागले.

माझ्या पाळीत, लॅबच्या कोपऱ्यात, गोणपाट पांघरून एक कॉम्प्युटर बसलेला असे. ऊसबिलांसाठी ऑफिसात नवा आला तेव्हा जुना लॅबला मिळाला होता. त्याला कुणी हात लावत नसे. हात लावला आणि बिघडला तर पगारातून कापतात, अशी वदंता होती. रात्री तीन वाजता, दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात झोप उडवण्यासाठी मी त्याला हात लावला. त्यात लोटस वन-टू-थ्री होतं. आठवडाभरात दैनिक अहवालाचा तक्ता मी त्याच्यावर बसवला. गाळप किती, उतारा किती, पोती किती, बटण दाबलं की बेरीज. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘हाताचा हिशोब बंद करा.’’

तिथून पंधरा-वीस दिवसांनी गोडाऊन कीपर लॅबमध्ये आले. चेहरा उतरलेला. अहवालात पोती जास्त, गोडाऊनमध्ये कमी. महिन्याच्या वीस तारखेपर्यंत २१० पोत्यांचा फरक. पोतं १०० किलोचं, म्हणजे एकवीस टन साखर गायब. रात्रपाळीला जादा वॉचमन आले. गोडाऊनमागच्या ओढ्यात टॉर्च मारून झाले. एका संचालकांनी तर विरोधी पॅनलचं नावही घेतलं. निवडणूक जवळ होती, त्यामुळे ते नाव लगेच पटण्यासारखं होतं.

मी तक्ता उघडून बसलो. एक तारखेला फरक एका पोत्याचा. दोन तारखेला दोन. तीनला तीन. पोत्यांच्या बेरजेत मी वरच्या चौकटीतली तारीखसुद्धा धरली होती. रोज अडीच-पावणेतीन हजार पोती निघत असल्यामुळे एका दिवसाचा फरक कुणाच्या डोळ्यावर आला नाही, पण एक ते वीसची बेरीज २१० होते आणि तेवढी साखर आम्ही ओढ्यात शोधत होतो. मी तारीख बेरजेबाहेर काढली आणि साहेबांना सांगितलं, ‘‘सर, मशीनमध्ये एक घोटाळा होता, सापडला.’’ घोटाळा कुणी घातला हे त्यांनी विचारलं नाही. मशीनचा घोटाळा मशीनच घालतं अशी त्या काळी लोकांची श्रद्धा होती, आणि ती मोडणारा मी कोण? संध्याकाळी चहाच्या टपरीवर माझी ओळख ‘पोती सापडवणारा कॉम्प्युटरवाला’ अशी झाली. पुढे आयटीत गेल्यावर कळलं की बग घालणं, तो आपणच काढणं आणि मग टाळ्या घेणं हाच या धंद्याचा कणा आहे. मला तो ट्रेनिंगशिवाय जमला होता.

गळीत संपलं की हंगामी माणसं घरी. आणि गळीत संपतं तेव्हाच लग्नसराई सुरू होते. सांगलीत माझ्या आतेभावाचं डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक पंखा, आणि तिन्ही एकदम लावले की फ्यूज. एप्रिलमध्ये त्याचा ऑपरेटर पळाला. आतेभाऊ घरी आला आणि आईला म्हणाला, ‘‘मामी, ह्याला येतंय की कॉम्प्युटर. पाठवा दोन महिने.’’

लोटस येणाऱ्याला मराठी टायपिंग येतंच, असा त्याचा समज. आईचाही. मला ‘श्री’ कुठल्या बटणावर आहे हे सापडायला सकाळ गेली, आणि तेवढ्यात समोर बसलेल्या वधुपित्यानं दोन वेळा घड्याळ पाहिलं.

लग्नपत्रिका हा कागद किती स्फोटक असतो हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. निमंत्रकांत थोरल्या काकांचं नाव आधी, पण खर्च धाकट्यानं केलेला. आत्याचं नाव घ्यायचं, पण आत्याच्या यजमानांचं घ्यायचं की नाही, यावर दुकानातल्या बाकावर भांडण. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या किलबिलीत अजून न जन्मलेल्या नातवासाठी जागा ठेवा म्हणणारे एक आजोबाही मला भेटलेत. कार्यवाहक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आणि खाली ‘आहेर आणू नये’ हे इतक्या बारीक अक्षरात की ते कुणाला दिसू नये. सहा पॉइंटाच्या टायपात सत्तर नावं एका घडीच्या कागदावर बसवायला मी त्या दुकानात शिकलो. पुढे मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर अख्खी वेबसाइट बसवायचं फॅड आलं तेव्हा पुण्यातली पोरं घाबरली. मी म्हटलं, यात मामा-मामी तरी नाहीत.

आता वेब. भारतात विदेश संचार निगमनं लोकांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. आमच्या गल्लीत ते पोचलं तेव्हा सहस्रक संपत आलं होतं. पण पोचल्यावर मात्र असं पोचलं की किराणा दुकानदारसुद्धा ‘डॉट कॉम’ म्हणायला लागला. सांगलीत ‘वेब डिझायनिंग’चा क्लास निघाला. मी मार्च २००० मध्ये फी भरली. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० ला शिखरावर पोचला आणि तिथून जो घसरला तो घसरतच गेला. दोन्ही घटनांचा संबंध मी कुणाला सिद्ध करून देऊ शकत नाही, पण माझ्या घरचे आजही तो मानतात.

क्लासचे सर आमच्या एक धडा पुढे असत. नोटपॅडमध्ये आम्ही एचटीएमएल लिहायचो. सरकतं अक्षर, लुकलुकणारं अक्षर, एकात एक तक्ते. टेबलाच्या धड्यापर्यंत डॉट कॉमचा फुगा पुरता फुटला होता. फॉर्मच्या धड्याला सर आले नाहीत. त्या जागी बेकरी निघाली. वर्षभरानं सर घरी आले ते विम्याची पॉलिसी घेऊन, आणि जुन्या शिष्याला नाही म्हणता येईना. त्या कोर्सनं मला पुढे पैसे मिळवून दिले ते एवढेच, पॉलिसीची मुदत संपल्यावर.

फॉर्म न शिकलेला हा माणूस पहिल्या गिऱ्हाइकाला सापडला तो डीटीपीच्या दुकानातच. आप्पा केटरर. लग्नं, मुंजी, साठीशांत, सप्ताह, सगळीकडे त्यांची पंगत. त्यांच्या मुलीची पत्रिका मी केली होती आणि तीत एकही पाहुणा रुसला नव्हता, त्यामुळे त्यांचा माझ्यावर जीव.

‘‘वेबसाइट करून दे,’’ ते म्हणाले.

‘‘आप्पा, ते निराळं असतंय हो. मला पूर्ण येत नाही.’’

‘‘निराळं काय त्यात? पत्रिकाच की, फक्त टीव्हीवर.’’

वेब डेव्हलपमेंटची इतकी सुटसुटीत व्याख्या मी पुढे कुठल्याच जाड पुस्तकात वाचली नाही. अडचण एकच होती. आमच्या दुकानातले मराठी फॉन्ट आमच्या दुकानातच मराठी दिसायचे. आतून ती इंग्रजी अक्षरंच, वर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं आप्पांची ‘बासुंदी’ म्हणजे नुसती उद्गारचिन्हं आणि डॉलर. मग मी पत्रिकेच्या सवयीनं सगळं कोरलड्रॉमध्ये मांडलं, कडेला नक्षी, वर गणपती, आणि अख्ख्या पानाचं एक चित्र करून वेबवर चढवलं. दीड एमबीचं चित्र, ५६ केच्या मोडेमवर. आप्पा पाहुण्यांना घेऊन सायबर कॅफेत जायचे. आधी गणपतीचा मुकुट उतरायचा, मग डोळे, मग सोंड. मोदकापर्यंत पोचायला पाच मिनिटं. तोवर पाहुणे हात जोडून बसायचे. कॅफेवाल्यानं मला सांगितलं, ‘‘तुमच्या साइटला लोक चपला काढून बसत्यात.’’

त्याच काळात घरी माझ्या लग्नाचं बघत होते. ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं. कारखाना सुटलेला, दुकान आतेभावाचं, आणि वेबसाइट म्हणजे काय हे तिला मी तीनदा सांगूनही ती ‘ते टीव्हीवरचं’ म्हणायची. शेवटी तिनं माझी पदवी बाहेर काढली आणि बायोडेटात ‘केमिस्ट’ लिहिलं. एका स्थळाकडून झटपट होकार आला. बैठकीत होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, ‘‘दुकान मोक्याच्या जागी आहे ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो, स्टँडजवळ.’’ मी डीटीपीचं बोलत होतो. ते औषधांचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि किती टक्के सूट देता म्हणून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. बायको मात्र शांत होती. तिला पत्रिका बघूनच शंका आली होती. मेडिकलवाल्याची पत्रिका इतकी सुबक नसते म्हणे.

पीएचपी नावाची भाषा रासमुस लेरडोर्फनं १९९५ मध्ये लोकांपुढे आणली, आणि तिचा जन्मच मुळी त्याचा वेबवरचा बायोडेटा कोण बघून जातं हे मोजण्यासाठी झाला होता. हे मला कळलं तेव्हा या भाषेशी आपलं जमणार असं वाटलं. ती शिकून मीही बायोडेटा चढवला आणि भेटी मोजू लागलो. आकडा रोज वाढायचा. चार दिवसांनी लक्षात आलं की आकडा वाढला का हे बघायला मीच जात होतो.

मला पुण्याला नेलं ते या पीएचपीनं नव्हे, मराठी टायपिंगनं. एका छोट्या कंपनीला जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा होता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होतीच, पण घरोघरच्या विंडोजला ती दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. मुलाखतीत विचारलं, ‘‘डेटाबेस हाताळलाय?’’ माझ्या डोळ्यांपुढे पोती आली. मी म्हटलं, ‘‘मोठा.’’

जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर, जशी ती कागदावर दिसते तशी. युनिकोडला आधी अक्षर लागतं, मग वेलांटी, जशी आपण उच्चारतो तशी. मग काय, उचला वेलांटी आणि ठेवा पुढच्या अक्षरामागे. मी दुपारी प्रोग्रॅम लिहिला, संध्याकाळी हजारो पानं चालवली आणि घरी जाऊन पन्हं प्यालो. सकाळी कळलं की पुढचं अक्षर जोडाक्षर असेल याचा विचारच केला नव्हता. सगळीकडे ‘स्िथती’. आर्थिक स्िथती, परिस्िथती, जैसे थे स्िथती. वेलांटी मधेच पाय तुटून पडलेली. आजही एखाद्या जुन्या साइटवर तसा शब्द दिसला की मी मान खाली घालून पुढे जातो. रफाराचंही तसंच, फक्त उलट्या दिशेनं. जुन्या फॉन्टात तो शेवटी टाकायचा, इथं आधी.

याच भरात मी आप्पांची साइट फुकटात युनिकोडवर आणली. चित्र काढलं, खरी अक्षरं घातली. गणपती लहान झाला याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांच्या मशीनवर तर सगळे चौकोनच दिसत होते. विंडोज एक्सपीत भारतीय लिप्या चालू करायच्या तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं. आप्पांची विंडोज जशी आली होती तशीत सीडी नसते. मी स्वारगेटहून एसटीनं सीडी घेऊन सांगलीला गेलो. ड्रायव्हरनं विचारलं, कसली सीडी? म्हटलं, मराठीची. त्याला भावगीतं वाटली.

चौकोन गेले आणि खरा प्रकार वर आला. आप्पांनी मजकुरात लिहिलं होतं, ‘आमच्या आचाऱ्यांच्या हाताला चव आहे.’ माझ्या प्रोग्रॅमला आपला मराठी अर्धा, आडवा ‘र’ माहीतच नव्हता, त्यानं त्याचा सरळ रफार केला. साइटवर झळकलं, ‘आमच्या आचार्यांच्या हाताला चव आहे.’ आणि खाली, ‘आचार्यांची सेवा घरपोच मिळेल.’

मला हे समजायच्या आत एका देवस्थानाचा फोन आप्पांना गेला. सप्ताह आहे, आपले कोणते आचार्य येतात, दक्षिणा काय? दुसरा कुणी असता तर गडबडला असता. आप्पा म्हणाले, ‘‘आचार्यांचं तुम्ही बघा हो, पण सप्ताह म्हटल्यावर महाप्रसाद आलाच की. किती पानं?’’ ऑर्डर घेऊन मोकळे झाले. मी दुरुस्ती करायला निघालो तर त्यांनी मला दम भरला, ‘‘हात लावू नकोस. चाललंय ते चालू दे.’’ दुरुस्तीचं काम गिऱ्हाइकानं स्वतः बंद पाडलेलं माझ्या आयुष्यात तेवढंच.

पुढची वर्षं मी फार सांगत नाही. सगळ्या वेब डेव्हलपरांची ती सारखीच गेली. जे शिकलो ते संपलं. फ्रंटपेज शिकलो, मायक्रोसॉफ्टनं ते गुंडाळलं. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीचे नखरे तोंडपाठ केले, आणि आता अख्खा एक्सप्लोररच १५ जून २०२२ ला सेवानिवृत्त झाला. फ्लॅश शिकून आप्पांच्या मुखपृष्ठावर गरगर फिरणारी जिलबी केली होती, ती ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशबरोबर गेली. मार्च २०१६ मध्ये तर कुणीतरी जावास्क्रिप्टचा एक ११ ओळींचा तुकडा भांडून काढून घेतला आणि मोठमोठे प्रकल्प ठप्प झाले. त्या तुकड्याचं काम काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला जागा सोडणं. डाव्या बाजूला जागा मी आतेभावाच्या दुकानापासून स्पेसबार दाबून सोडत आलोय. पण मला कोण विचारतो?

नातेवाईक विचारतात, पण निराळं. प्रिंटर अडकला, वायफाय गेलं, आधारला मोबाइल जोडायचाय, नातवाचा पबजी बंद करायचाय. मामा अजून ‘तुमची पोती सापडली का’ म्हणून हसतात.

आप्पांची साइट मात्र तेवढी टिकली. आता ती मोबाइलवर चालते, जिलबी स्थिर आहे, आणि शेवटी एकदाचा शिकलेला तो फॉर्मही आहे. नाव, तारीख, पानांची संख्या. तो तपासताना मी त्यात माझा ईमेल घातला होता. नंतर आप्पांना विचारलं, तुमचा कुठला घालू? ‘‘मला कुठं मेल कळतोय,’’ ते म्हणाले, ‘‘तुझाच राहू दे. आलं काही की सांग फोनवर.’’

सुरुवातीला मी नुसते निरोप पोचवायचो. मग लोक मलाच उलट विचारू लागले, मठ्ठा किमतीत धरलाय का, पंगत की बुफे, गोडाच्या वाटीला किती. दर वेळी आप्पांना विचारून सांगायचं म्हणजे वेळ जातो, म्हणून मी त्यांचे दर एका तक्त्यात घालून ठेवले. बेरीज आपोआप होते. तारीख बाहेर ठेवलीय. या लग्नसराईत आमच्या कंपनीची एक मोठी साइट सुरू व्हायची होती, बारा जण व्हिडिओ कॉलवर, साहेब काहीतरी आर्किटेक्चर समजावून सांगत होते. तेवढ्यात मिरजेचा फोन आला. साखरपुडा, चारशे पानं, मुलाकडचे बेळगावचे. मी माइक बंद केला आणि विचारलं, ‘‘जिलबी ठेवायची की श्रीखंड? बेळगावकर असतील तर कुंद्याचंही बघता येईल.’’

माइक बंद झाला नव्हता. साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘पर प्लेट काय पडतं?’’